शून्याच्या खाली काय आहे?

पनवेल तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत आम्ही विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने गेलो होतो. चौथीच्या बाईंनी नुकत्याच तपासलेल्या गणिताच्या उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांतील एक त्यांनी आमच्यापुढे सरकवली. लेखी चाचणीत शून्य गुण. "या शून्याचं मी काय करू, सांगा," बाई म्हणाल्या. "मागच्या चाचणीतही शून्यच होतं. मधल्या काळात हा मुलगा काही शिकला की नाही, ते या कागदावरून मला कळतच नाही."

मधल्या सुट्टीत त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावले. २७ आणि १५ किती, असे विचारले. मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. मग ७ आणि ५ विचारले, तो गप्पच. बाईंनी कपाटातून चिंचोक्यांचा डबा काढला. ३ चिंचोके आणि २ चिंचोके? "पाच." ६ आणि ३? "नऊ." ८ आणि ५? त्याने चिंचोके मांडले, मोजले आणि "तेरा" म्हणाला. आता तेरातून ४ काढ. येथे तो अडला. सहा प्रश्नांत आणि जेमतेम पाच मिनिटांत बाईंना जे समजले, ते दीड तासाच्या पेपराला समजले नव्हते.

आमच्यासारख्या प्रयोगशाळेत मोजमाप करणाऱ्या माणसाला यात एक ओळखीची गोष्ट दिसली. ताप पाहण्याची पाऱ्याची तापमापी ३५ अंश सेल्सियसपासून सुरू होते. ती बर्फाच्या पाण्यात ठेवली, तर पारा सर्वांत खालच्या खुणेच्याही खाली राहतो. म्हणून बर्फाला तापमानच नाही, असे आपण म्हणत नाही. हे मोजण्यासाठी दुसरी तापमापी हवी, असे म्हणतो. त्या मुलाचे शून्य असेच होते. पेपराची पट्टी जेथे संपत होती, त्याच्या खाली तो उभा होता.

बाईंनी वापरलेल्या पद्धतीला मोजमापशास्त्रात 'अनुकूली चाचणी' म्हणतात. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवायचा. उत्तर आले तर अवघड प्रश्न, चुकले तर सोपा. वाण्याच्या तराजूत हेच घडते. पारड्यात आधी किलोचे वजन टाकायचे, जड झाले तर काढून अर्धा किलोचे टाकायचे, हलके पडले तर त्यात २०० ग्रॅमची भर घालायची. तीन-चार वजनांत काटा स्थिर होतो. आज हे काम संगणक करतो आणि त्याची गणना आधुनिक तंत्रज्ञानात होते. पण या कल्पनेचा इतिहास पाहिला, तर तिची दोन्ही मुळे वर्गात मागे पडलेल्या मुलांपाशी जाऊन पोहोचतात. शिक्षकांनी हा इतिहास जाणून घ्यावा असे आम्हांला वाटते.

पॅरिसमधील तीस प्रश्न

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. पूर्वी शाळेचे तोंडही न पाहिलेली मुले वर्गात आली आणि काहींना अभ्यास झेपत नाही, हे दिसू लागले. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढायचे तर ती ओळखायची कशी, हा प्रश्न १९०४ साली सरकारने नेमलेल्या आयोगापुढे आला. मुलाला 'मंद' ठरवण्याचे काम केवळ शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या मतावर सोडणे धोक्याचे होते. खोडकर मूलही त्यात जाईल, आजारी मूलही आणि गरिबाघरचे अबोल मूलही.

आयोगाचे एक सदस्य मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने हे होते. त्यांनी तरुण डॉक्टर थेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीस प्रश्न तयार केले. १९०८ साली त्यांनी या प्रश्नांची वयानुसार मांडणी केली: बहुतेक सहा वर्षांच्या मुलांना जे जमते ते सहाव्या पायरीवर, सातव्या वर्षी जमते ते सातव्या पायरीवर. १९११ साली त्यांनी ही चाचणी पुन्हा सुधारली आणि त्याच वर्षी बिने वारले.

या शिडीचा उपयोग कसा करायचा, यातच अनुकूली चाचणीचे बीज आहे. परीक्षक मुलाच्या अंदाजे पातळीपासून सुरुवात करी. तेथील प्रश्न अडले तर तो खाली उतरे आणि सर्व प्रश्न जमतील अशी पायरी शोधी. हा झाला 'पाया'. मग तो वर चढे, आणि एकही प्रश्न जमत नाही अशी पायरी आली की थांबे. ही झाली 'कमाल मर्यादा'. पायाच्या खालचे प्रश्न विचारायचे नाहीत, कारण ते येणारच. मर्यादेच्या वरचे विचारायचे नाहीत, कारण ते येणार नाहीत.

अमेरिकेतील लुइस टर्मन यांनी १९१६ साली केलेल्या आवृत्तीत तिसऱ्या ते दहाव्या वर्षापर्यंत दर वर्षाला सहा प्रश्न होते, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दोन महिने. समजा, नऊ वर्षांच्या मुलीने सहाव्या वर्षाचे सर्व प्रश्न सोडवले, सातव्याचे तीन, आठव्याचा एक आणि नवव्याचा एकही नाही. तिचे मानसिक वय ६ वर्षे अधिक ८ महिने, म्हणजे ८० महिने झाले. तिचे खरे वय १०८ महिने. ८० ला १०८ ने भागून १०० ने गुणले की ७४ हा बुद्धिगुणांक येतो.

बिने स्वतः मात्र या आकड्याकडे मुलाच्या कपाळावरचा शिक्का म्हणून पाहत नव्हते. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी असते, या समजुतीवर त्यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात टीका केली. मागे पडलेल्या मुलांचे लक्ष आणि स्मरण वाढावे म्हणून त्यांनी व्यायामही सुचवले. चाचणी त्यांना शिकवणे कोठून सुरू करायचे हे ठरवण्यासाठी हवी होती. अटलांटिक ओलांडल्यावर मात्र हीच चाचणी माणसांची प्रतवारी लावण्यासाठी वापरली गेली.

मुंबई इलाख्यातील शिडी

भारतात या चाचणीचे रूपांतर करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात केला. मराठी मुलांपर्यंत ती पोहोचवली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. मुंबई इलाख्यातील कन्नड आणि मराठी भाषिक मुलांसाठी त्यांनी केलेली आवृत्ती १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकातून जगापुढे आली. १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील पुस्तक प्रसिद्ध केले. 'बिने-कामत चाचणी' हे नाव महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील विशेष शिक्षकांना आजही परिचित आहे.

असे रूपांतर म्हणजे भाषांतर नव्हे, हे शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. बिने यांच्या प्रश्नांत फ्रेंच नाणी ओळखायची आणि मोजायची होती. आपल्याकडे एका रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे. नाणे बदलले की प्रश्नाची काठिण्यपातळीही बदलते. पॅरिसच्या मुलाला सातव्या वर्षी जमणारी गोष्ट येथील मुलाला कोणत्या वर्षी जमते, हे मुलांना विचारूनच ठरवावे लागते. शिडीची प्रत्येक पायरी काढून पुन्हा बसवावी लागते. शिवाय बसवलेल्या पायऱ्या झिजतात. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे-पैशांवर बेतलेला कोणताही प्रश्न त्यानंतरच्या मुलांसाठी निराळाच झाला. म्हणून अनेक दशकांपूर्वीच्या मुलांवर बेतलेल्या पट्टीने आजची मुले मोजताना निष्कर्ष जपून काढावा लागतो. आपल्याकडे बुद्धिमापनासाठी नंतर 'मालिन चाचणी' रूढ झाली. ती डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात तयार केली.

हरवलेला धागा

दरम्यान जगात एक वेगळीच गोष्ट घडली होती. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि १७ लाखांहून अधिक सैनिकांची बुद्धिचाचणी घेण्यात आली. इतक्या जणांना समोर बसवून एकेक प्रश्न विचारणे अशक्य होते. म्हणून सर्वांना एकाच वेळी देता येतील अशा छापील चाचण्या निघाल्या. वेळ आणि पैसा वाचला, पण पुढचा प्रश्न निवडणारा परीक्षक नाहीसा झाला. आपल्या वार्षिक परीक्षेचा पेपर याच जातीचा आहे. तो प्रामुख्याने मधल्या मुलांसाठी काढलेला असतो. मधली मुले त्यात नीट मोजली जातात; दोन्ही टोकांची मुले कमी अचूकतेने.

हा धागा पुन्हा हाती येण्यासाठी एक गणिती अडचण सुटायला हवी होती. प्रत्येक मुलाला वेगळे प्रश्न दिले, तर त्यांच्या गुणांची तुलना कशी करायची? याचे उत्तर डेन्मार्कमध्ये मिळाले, आणि तेही मागे पडलेल्या मुलांच्या निमित्ताने. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथील समाजकल्याण मंत्रालयाने गणिती गेओर्ग राश यांच्याकडे एक काम सोपवले. वाचनात मागे असल्यामुळे ज्या मुलांना शाळेत जादा शिकवणी मिळाली होती, त्यांना पुढे तिचा काही फायदा झाला का, हे त्यांना तपासायचे होते. अडचण अशी की, या मुलांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे आणि कमी-अधिक अवघड उतारे वाचले होते.

राश यांनी वाचनातील चुका मोजल्या आणि त्यांत एक साधे गुणोत्तर शोधले. आपण काल्पनिक आकडे घेऊ. एक मुलगी पहिल्या उताऱ्यात ४ चुका करते आणि दुसऱ्यात ८. दुसरा मुलगा पहिल्यात १० करतो आणि दुसऱ्यात २०. मुले वेगळी, पण दुसरा उतारा दोघांनाही दुप्पट अवघड आहे. म्हणजे उताऱ्याचा अवघडपणा मुलापासून वेगळा काढता येतो आणि मुलाची क्षमता उताऱ्यापासून. एकदा हे साधले की दोन मुलांनी निराळे उतारे वाचले तरी त्यांना एकाच पट्टीवर मांडता येते. राश यांचे यावरील पुस्तक १९६० साली कोपनहेगनमध्ये निघाले. चूक-बरोबर अशा उत्तरांसाठी त्यांनी दिलेल्या सूत्रानुसार, बरोबर उत्तराची शक्यता क्षमता आणि अवघडपणा यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. दोन्ही समान असतील तर ती शक्यता ५० टक्के.

आता संगणकाची पाळी होती. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील चाचणी संस्थेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून 'मापानुसार बेतलेल्या' चाचणीचे गणित मांडले. मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड वाइस यांच्या गटाने १९७० च्या दशकात ती संगणकावर करून पाहिली. प्रश्नांचा साठा संगणकात, प्रत्येक प्रश्नाचा अवघडपणा आधीच मोजलेला. विद्यार्थ्याच्या प्रत्येक उत्तरानंतर संगणक त्याच्या क्षमतेचा नवा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाच्या सर्वांत जवळचा प्रश्न निवडतो.

जवळचाच प्रश्न का, याचा हिशेब अकरावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. प्रश्नातून मिळणारी माहिती, बरोबर उत्तराची शक्यता गुणिले चुकीच्या उत्तराची शक्यता, एवढी असते. शक्यता निम्मी असेल तर ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. शक्यता ९९ टक्के असेल तर ०.९९ गुणिले ०.०१, म्हणजे जेमतेम ०.०१. नेमका बेतलेला एक प्रश्न अतिसोप्या पंचवीस प्रश्नांइतके सांगून जातो.

संगणक कोणाकडे गेला?

हे तंत्र हाती आल्यावर ते मोठ्या प्रमाणावर प्रथम मिळाले ते मोठ्यांना. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी द्यावी लागणारी जीआरई ही परीक्षा १९९३ पासून, परिचारिकांची परवाना परीक्षा १९९४ पासून आणि व्यवस्थापन शिक्षणाची जीमॅट १९९७ पासून या पद्धतीने होऊ लागली. महाराष्ट्रातून परदेशी शिकायला गेलेल्या अनेक पदवीधरांनी अशी परीक्षा दिलेली आहे. एकदा दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नसे, ही त्यांची जुनी तक्रार होती.

शाळकरी मुलांकडे, त्यांतही विशेष गरजा असलेल्या मुलांकडे, हे तंत्र उशिरा आले. आल्यावर तीन अडचणी दिसल्या.

पहिली अडचण कायद्याची. अमेरिकेत २००२ पासून लागू झालेल्या शिक्षण कायद्यानुसार प्रत्येक मुलाला त्याच्याच इयत्तेच्या पट्टीवर मोजायचे होते. हेतू चांगला होता. मागे पडलेल्या मुलांकडून अपेक्षाच ठेवायच्या नाहीत, असे होऊ नये. पण परिणाम असा झाला की चौथीच्या मुलाला संगणकाने फार तर चौथीतलाच सोपा प्रश्न द्यायचा. तराजू नवा, पण त्यात लहान वजनेच नाहीत. २०१५ च्या कायद्याने इयत्तेच्या खालचे आणि वरचे प्रश्न विचारण्याची मुभा दिली.

दुसरी अडचण मनाची. निम्मे प्रश्न चुकतील अशी चाचणी गणिती दृष्टीने उत्तम असते. पण जे मूल वर्षभर चुकतच आले आहे, त्याला आणखी निम्मे प्रश्न चुकवायला लावले तर ते उत्तर देणेच सोडते. येथे थोडी तडजोड करता येते. चारांपैकी तीन प्रश्न येतील असे निवडले, तर माहिती ०.७५ गुणिले ०.२५, म्हणजे सुमारे ०.१९ मिळते. तीन प्रश्नांच्या जागी चार विचारावे लागतात, इतकेच. एका जादा प्रश्नात मुलाची उमेद टिकत असेल तर हा सौदा महाग नाही.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. संगणक गृहीत धरतो की मूल एकाच शिडीवर उभे आहे. वाचन-अक्षमता असलेल्या मुलीला शाब्दिक उदाहरण दिले आणि ते वाचता न आल्यामुळे चुकले, तर संगणक समजतो की गणित अवघड गेले. तो आणखी सोप्या गणिताचे, पण तितकेच शब्द असलेले, उदाहरण देतो. तेही चुकते. अशा रीतीने तो तिला पायरी-पायरीने खाली नेतो आणि शेवटी मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचा आकडा सांगतो. तेच उदाहरण कोणी वाचून दाखवले असते तर तिने तोंडी उत्तर दिले असते. अंध मुलाला आकृतीचे आणि कर्णबधिर मुलाला लांबलचक वाक्यांचे प्रश्न असाच दगा देतात. म्हणून प्रश्न निवडण्याआधी तो मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार, हे ठरवावे लागते.

या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल लवकर उचलले. १९९६ साली राज्य सरकारने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि एक व्यवसायविषय. पुढे २०१६ च्या केंद्रीय दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले, तर खालच्या इयत्तेचे गणित देणे म्हणजे दोनच पायऱ्यांची अनुकूली चाचणी. पट्टी ढोबळ आहे, पण तत्त्व तेच आहे.

कागदावरची अनुकूली चाचणी

मराठीत विशेष गरजांच्या मुलांसाठी संगणकीय चाचणी करायची, तर शेकडो प्रश्न हवेत आणि प्रत्येक प्रश्न पुष्कळ मुलांना विचारून त्याचा अवघडपणा मोजायला हवा. कामतांनी केलेलेच काम पुन्हा, मोठ्या प्रमाणावर. पनवेल तालुक्यातच, खारघरला, बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे; मुंबई-पुण्यात विशेष शाळांची जुनी परंपरा आहे. हे काम करू शकणारी माणसे आपल्याकडे आहेत.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' पाहणीत वाचनाची चाचणी एका कागदावर मावते. मुलाला आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा देतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही जमला तर सुटे शब्द, आणि तेही नाही जमले तर अक्षरे. बिने यांची शिडीच ही, चार पायऱ्यांची. वीज नको, संगणक नको. देशभरातील स्वयंसेवकांनी मुलांच्या घरी जाऊन ती वापरली आहे.

प्रत्येक शिक्षकाला आपल्या विषयाची अशी शिडी करता येईल. बेरजेच्या सात-आठ पायऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहाव्यात: वस्तूंनी पाचपर्यंत, वस्तूंनी वीसपर्यंत, अंकांनी एक अंकी, बिनहातच्याची दोन अंकी, हातच्याची दोन अंकी आणि पुढे. मधल्या कार्डापासून सुरुवात करावी. प्रत्येक पायरीवर दोन-तीन प्रश्न विचारावेत, कारण एखादे उत्तर नजरचुकीनेही चुकते. प्रश्न वाचून दाखवावा आणि उत्तर बोलून, लिहून किंवा बोट दाखवून, जमेल तसे घ्यावे. पाया आणि मर्यादा तारखेसह वहीत नोंदवावी. दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे. येणारा आकडा गुण म्हणून कोणाला सांगू नये. तो उद्या काय शिकवायचे, हे सांगणारा आकडा आहे.

त्या बाईंना आम्ही निघताना विचारले की, आता निकालात काय लिहिणार? लेखी चाचणीच्या रकान्यात शून्यच राहणार होते. पण शेजारी वर्णनात्मक नोंदीचा रकाना असतो. तेथे सहसा 'प्रगती आवश्यक' एवढेच लिहिले जाते. बाईंनी पेन काढले आणि लिहिले: "चिंचोके घेऊन १३ पर्यंत बेरीज करतो. वजाबाकी अजून नाही." खाली त्यांनी तारीख घातली.